रकाना सातवा

जानेवारीत ग्वाल्हेरला जेलची बाटलीही गारठते, म्हणून
मी ती गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करून ठेवते,
सकाळी आठपासून. डॉक्टरांना वाटतं, चहा ठेवलाय.

सव्वाअकराला विभावरी पोतनीस. वय सत्तावन्न. जयेंद्रगंज.
मंगळसूत्र रुमालात, रुमाल पर्समध्ये, पर्स काखेत.
तीही काढावी लागेल म्हटल्यावर हसल्या.
फॉर्मवर सातवा रकाना:
पूर्वी छातीवर शस्त्रक्रिया, इंजेक्शन?
'नाही'वर टिक. इतकी ठाम
की कागदाच्या पलीकडून उठलेली.

यंत्राची पाटी गारच असते, तिला काही करता येत नाही.
श्वास रोखा म्हटलं. रोखला.
सोडा म्हटल्यावरही थोडा वेळ सोडला नाही.

फोटोत दोन्हीकडे पांढरंच पांढरं.
धुक्यात आमचा किल्ला दिसत नाही तसं:
असतो तिथेच, एवढा थोरला,
आणि रिक्षावाल्याला विचारावं लागतं कुठेय.

मग सोनोग्राफी. पडद्यावर काळी तळी,
एकामागे एक, काठ गुळगुळीत,
शरीर स्वतःहून करणार नाही इतके गुळगुळीत.
डॉक्टरांनी विचारलं, कधी काही भरून घेतलंय?
"नाही."
डॉक्टर फोन आला म्हणून बाहेर गेले.
फोन आला नव्हता. तेवढं त्यांना कळतं.

मी टिशू काढत होते. त्या छताकडे बघत म्हणाल्या,
दौलतगंजात आमचा शिंपी होता. माप घ्यायचा
आणि मागे मशीनवरच्या पोराला ओरडून सांगायचा: तीस!
भाजी तोलल्यासारखं. बावीस वर्षं. तीस!
तीन मुलं अंगावर पिऊन मोठी झाली,
काय उरलं ते त्याला पाठ.
मग एका वर्षी भिशी लागली. भाचीच्या लग्नाला दिल्लीला गेले,
ह्यांना सांगितलं, दाताचं काम करून येते.
दुसरा मजला, खाली चपलांचं दुकान.
सहा सुया इकडे, सहा तिकडे.
वर्षभरात विरघळेल म्हणाली ती मुलगी.
म्हटलं, वर्ष तर वर्ष.
आले. ब्लाऊज टाकायला गेले.
त्यानं टेप फिरवली, आणि त्याच आवाजात, बाई,
अगदी त्याच आवाजात:
चौतीस!

आम्ही दोघी हसलो. छातीवरचं जेल कानशिलाकडे ओघळलं,
मी पुसलं.
"आणि ते विरघळलंच नाही?"
"जाणार कुठे? मी तरी गेले का ग्वाल्हेर सोडून?"

मग हात धरला माझा.
लिहू नका हो. हे रिपोर्ट वाचतात.
हे विजेचं बिलसुद्धा मोठ्यानं वाचतात.

म्हटलं, लिहिलं नाही तर पुढचा डॉक्टर
गाठ समजून सुई घालेल तळ्यात.
एवढंच म्हटलं.
डावीकडे, दोन वाजता
(आमच्याकडे घड्याळाप्रमाणेच सांगतात जागा),
शेवटच्या तळ्याच्या मागे
डॉक्टरांनी कर्सर दोनदा थांबवला होता, तिसऱ्यांदा मापला होता.
ते सांगणं माझं काम नाही.

फॉर्म पुढे केला. पेन दिलं.
त्यांनी टिक खोडली नाही.
'नाही'च्या पुढे बारीक अक्षरांत लिहिलं:
दिल्ली, २०१२. अजून आहे.

बाहेर पोतनीस काका, मांडीवर मुरैन्याच्या गजकचा डबा,
परवा संक्रांत.
"मग, किती वाजता मिळेल?"
माझ्या तोंडून गेलं, दोन वाजता.
त्यांनी घड्याळाला चावी दिली, कानाला लावून पाहिलं,
चालतंय म्हणाले.
डबा उघडून पुढे केला.
घ्या हो, यंदा तीळ उत्तम आहे.

एक दाढेत अडकला.
दुपारभर
जीभ तिथेच.